पान्ह्यातलं आयोडीन

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

रजा संपली. सहा महिन्यांनी कॉलेजच्या गोठ्याजवळ गाडी लावली, ढेपेचा आणि ओल्या कुट्टीचा वास नाकात गेला, तेव्हा कळलं मला या जागेची किती आठवण येत होती. हे घरी बोलता येत नाही. लेकीला सोडून निघालेल्या बाईनं दिवसभर रडायला पाहिजे. मी कांचघरच्या चौकापर्यंत रडले, पुढे गुणगुणत होते.

सुहासिनी मॅडम, माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक, दारातच उभ्या होत्या. "परवानगी आली," म्हणाल्या. मला खुर्ची शोधावी लागली.

दोन वर्षं या परवानगीची वाट बघत होतो. प्रयोग सांगायला सोपा आहे. एका गाईला किरणोत्सारी आयोडीनचा अगदी लहानसा डोस द्यायचा आणि तो तिच्या अंगातून कुठेकुठे जातो ते पाहायचं. दुधात किती, शेणात किती, मुतात किती, आणि किती दिवस. अणुभट्टीत अपघात झाला तर संकट घरात शिरतं ते दुधाच्या वाटेनं. हवेतून गवतावर, गवतातून गाईत, गाईतून पोरांच्या पेल्यात. परदेशी काळ्यापांढऱ्या गाईंचे आकडे आहेत. आपल्या तांबड्या साहिवालचे, आपल्या चाऱ्यावर, आपल्या हवेतले, फारसे कोणी मोजलेले नाहीत.

गाय निवडली रेवा. महिन्यापूर्वी व्यालेली, शांत, गळ्याखालची कातडीची पोळी गुडघ्यापर्यंत लोंबते.

मॅडमची एक अट. "तू अंगावर पाजतेस. कॅप्सूल, दूध, शेण, उघड्या कशालाही हात लावायचा नाही. गोठ्यात पायसुद्धा नाही. बंद बाटल्या तुझ्याकडे येतील, त्या मोजायच्या." बरोबर आहे. तरी वाईट वाटलं. दोन वर्षांचं स्वप्न काचेपलीकडून बघायचं.

सगळे स्वेटर घालून आलेले. मला मात्र स्कूटीवरही घाम. लग्नातली सलवार बसली आज! बाळंतपणाचं वजन आपोआप उतरतंय, आणि मी तर चार चार पोळ्या खाऊन राहिले.

१० नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंना प्रयोगाचं कळलं. जगदीशनं सांगितलं, मोठ्या अभिमानानं. रेल्वेच्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला वाटतं, बायको अणूवर काम करते म्हणजे काहीतरी रॉकेट सोडते.

आई भाजी निवडत होत्या. हात थांबला. "अणूचं काम करून राहिली, अन् लेकराला पाजते?"

मी सगळं समजावलं. अट, काच, बंद बाटल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाईच्या वासराचं काय?"

"त्याला दुसऱ्या गाईचं दूध देतील."

"मायचं काहून नाही?"

"तिच्या दुधात औषध उतरेल म्हणून."

"म्हणजे तुम्हाले माहीत आहे ते उतरते." पुन्हा भाजी निवडू लागल्या.

आजकाल पहाटे मी डोळे उघडायच्या आत त्या यशूला उचलून आपल्या खोलीत नेतात. यशोधरा माझी मुलगी आहे की त्यांची, कळेनासं झालंय. वरणाचं पाणी, भाताची पेज, चमच्यानं भरवायचं चालू आहे. माझ्यापासून तिला हळूहळू तोडतायत असं वाटतं. जगदीशला बोलले तर म्हणाला, "अरे यार, आई तुला झोपू देते." मी इतकी चिडले की हातातला पेला आपटला. नंतर लाज वाटली. हल्ली राग नाकावरच असतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

डोस द्यायच्या आधी रेवाचं साधं दूध मोजलं, तुलनेला.

हे लिहून ठेवायलाच पाहिजे. डिटेक्टर शिशाच्या जाड डब्यात असतो. मी सीलबंद बाटली आत ठेवली, झाकण ओढलं, पडद्यासमोर बसले. पडद्यावर प्रत्येक किरणोत्सारी अणूची आपली ठरलेली जागा असते. बराच वेळ नुसती सपाट रेघ. मग उजवीकडे, फार लांब, हळूहळू एक टेकडी वर येऊ लागली. पोटॅशियम.

पुस्तकात हजारदा वाचलंय की प्रत्येक दुधात थोडं नैसर्गिक किरणोत्सारी पोटॅशियम असतं. पण समोर बघणं वेगळं. पृथ्वी नव्हती तेव्हा कुठल्याशा ताऱ्यात ते घडलं. मग मातीत आलं, बरसीम चाऱ्याच्या पानात आलं, रेवाच्या कासेत आलं. आणि आज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यातला एकेक अणू माझ्यासमोर फुटत होता. अब्जावधी वर्षं गप्प राहून आत्ताच का? याचं उत्तर कोणाकडेच नाही.

घरी आईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे दुधात पहिलेपासूनच आहे? यशूच्या अंगातही?"

"सगळ्यांच्या."

त्या यशूच्या पोटावर हात ठेवून बघत राहिल्या. भीती नव्हती चेहऱ्यावर. नवस फेडून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी होतं. मग म्हणाल्या, "तुझे डोळे काहून एवढे मोठे दिसून राहिले?"

"झोप नाही ना आई."

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज दिला डोस.

खिडकीतून पाहिलं. मॅडमनी लांब चिमट्यानं कॅप्सूल गुळाच्या पोळीत ठेवली. शालिग्राम भैया, गोठ्याचे जुने कामगार, हातमोजे आणि पांढरा कोट घालून असे उभे की जणू वरात निघायची आहे. रेवानं हुंगलं, खरखरीत जीभ बाहेर काढली, आणि संपलं. मग तिनं कान हलवले आणि आणखी गूळ आहे का ते शालिग्रामच्या खिशात शोधलं.

संध्याकाळच्या धारेची बाटली माझ्याकडे आली. झाकण ओढून बसले. पोटॅशियमची टेकडी आपल्या जागी होतीच. पण डावीकडे, जिथे सकाळपर्यंत काहीच नव्हतं, तिथे एक रेघ उभी राहत होती. आयोडीन. सकाळी गुळात होतं, संध्याकाळी दुधात.

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. छाती इतकी धडधडत होती की कानात ऐकू येत होती. आनंदानं असेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या धारेत टेकडीचा डोंगर झाला. पडद्यावर मावेना, मोजपट्टी दोनदा बदलावी लागली.

२४ नोव्हेंबर, रविवार

आता डोंगर रोज उतरतोय. आयोडीन स्वतःच फुटून आठ दिवसांत निम्मं होतं, पण रेवा त्याच्याहून घाईत आहे. सगळ्यात जास्त मुतातून गेलं, त्याखालोखाल शेणातून. दुधात बाराव्या हिश्श्याच्या आसपास. थोडं तिच्या गळ्यात, थायरॉइडच्या ग्रंथीत, ठाण मांडून बसलंय.

शेण निळ्या ड्रममध्ये बंद करून मागच्या खोलीत ठेवतात, मूत साठवण टाकीत. शालिग्राम भैया ड्रमला कुलूप लावता लावता मला खिडकीतून ओरडून विचारत होते, "मैडम, इस गोबर को कितने महीने की सजा हुई?"

"तीन महीने, भैया."

"और जुर्म इसका कुछ नहीं!"

खरंच काही नाही. रेवाच्या शरीराला हे आयोडीन वेगळं आहे हे कळत नाही. साधा अणू आणि फुटणारा अणू, फुटेपर्यंत अगदी एकसारखे. तिच्या गळ्यात आयोडीन ओढून घेणारं एक दार आहे. अगदी तसंच दार तिच्या कासेत आहे. पण कासेतलं दार एरवी बंद. वासरू पोटात वाढायला लागलं की ते उघडायला लागतं आणि दूध असेपर्यंत उघडं राहतं. आयोडीनशिवाय वासराचा मेंदू वाढत नाही, म्हणून गाय स्वतःच्या गळ्यातल्यासारखंच दार त्याच्यासाठी उघडते. अंगात आयोडीन कमी असलं तरी उघडते. स्वतःला पुरेल की नाही हे न बघता. हे कोणी शिकवलं तिला?

स्ट्रॉन्शियमचं उलटं. ते कॅल्शियमचा वेष घेऊन येतं, पण गाय त्यातलं बरंचसं ओळखते, दुधात फार जाऊ देत नाही, आपल्या हाडात ठेवून घेते. एकाच गाईत एक दार सताड उघडं आणि एका दारावर पहारा.

हे सगळं जगदीशला सांगत होते आणि तो म्हणाला, "तू किती भरभर बोलतेस आजकाल. सांस तो ले." माझा हात बघून म्हणाला, "थरथरतोय." चहा जास्त होतोय बहुतेक.

३ डिसेंबर, मंगळवार

लाजिरवाणा दिवस. बाटलीवर नंबर लिहीत होते आणि पेन रेघेवर थांबेना. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं. मग गळ्यावर बोटं ठेवली. "गीळ," म्हणाल्या. मी गिळलं.

"उकडतं?"

"हो."

"वजन?"

"उतरतंय, बरंच."

"भूक दुप्पट. डोळे मोठे. हात कापतो. एकता, तू जनावरांची डॉक्टर आहेस. रेवा अशी दिसली असती तर पहिल्या दिवशी रक्त काढलं असतंस ना?"

गेल्या पानांवर काय काय लिहिलंय ते आत्ता वाचलं. लिहिणारी बाई मूर्ख आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

रिपोर्ट आले. थायरॉइड बेफाम सुटलाय. बाळंतपणानंतर कधीकधी होतं, अंगच आपल्या ग्रंथीला चाबूक मारत सुटतं. माझ्या डॉक्टर, डॉ. विभावरी, शांत आहेत. म्हणाल्या गोळ्या सुरू करू, या गोळ्या घेऊन अंगावर पाजता येतं.

आज सहा डिसेंबर. पांढरी साडी नेसून आईंबरोबर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी गेले. रांगेत त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता, सुटू दिला नाही. घरी आल्यावर मात्र जे बोलायचं ते बोलल्याच. "मी म्हणत होती. त्या गाईचंच आहे हे."

"आई, नाही. याचा त्याचा संबंध नाही. मला आधीपासून होतं."

"तू पाहिलं काय?"

नाही पाहिलं. मनात आलं: खरंच, पाहिलं का?

११ डिसेंबर, बुधवार

पाहिलं. मॅडमना विचारलं, त्या हसल्या नाहीत. मला डिटेक्टरसमोर खुर्चीवर बसवलं, गळा पुढे. अर्धा तास हलू नको म्हणाल्या. मी पडद्याकडे बघत होते आणि आयोडीनच्या जागी रेघ उठेल म्हणून घाबरत होते. उठली नाही. फक्त ती जुनी पोटॅशियमची टेकडी, माझी स्वतःची. ती बघून इतकं बरं वाटलं की काय सांगू. मीही ताऱ्यातूनच आलेली आहे, इतर सगळ्यांसारखी, जास्त काही नाही.

आईंना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. पटलं का नाही, कळलं नाही. पण जेवताना माझ्या ताटात तुपाचा चमचा जास्त पडला.

२९ डिसेंबर, रविवार, रुग्णालय

लिहायला बळ नाही. दोन दिवस ताप, घसा जळतो, थुंकी गिळता येत नाही. गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपवल्या. हजारात एखाद्याला होतं म्हणे. गोळ्या बंद, कायमच्या. यशू घरी. दूध भरून येतं, नर्स काढून ओतून टाकते.

२ जानेवारी २०२५, गुरुवार, रुग्णालय

ताप उतरला. पेशी वर येतायत. डॉ. विभावरी आज स्टूल ओढून बसल्या, म्हणजे मोठं काहीतरी सांगायचं होतं.

"गोळ्या आता कधीच नाहीत. ग्रंथी अशी उधळलेली असताना आणि गोळ्यांचा आधार नसताना मी ऑपरेशनला लगेच पाठवणार नाही. सगळ्यात चांगला रस्ता आहे रेडिओआयोडीन. एक कॅप्सूल. ती गळ्यात जाते, जास्तीची ग्रंथी आतून जाळते. झालं."

"तेच आयोडीन?" माझ्या तोंडून गेलं.

"कुठलं तेच?"

जगदीश माझ्याकडे बघत होता. मी हसायला लागले. त्याला वाटलं ताप पुन्हा चढला.

मग त्या म्हणाल्या, "बाळाचं दूध तोडावं लागेल. डोसच्या निदान सहा आठवडे आधी, म्हणजे..."

"म्हणजे कासेतलं दार बंद होईल," मी म्हणाले. "नाहीतर निम्मं औषध दुधाकडे जाईल."

त्या चमकल्या. "हो. अगदी तसंच. आणि या बाळाला पुन्हा पाजायचं नाही. पुढचं मूल झालं तर त्याला खुशाल पाज."

त्या गेल्यावर जगदीशनं विचारलं, "दुसरा रस्ता नाही?" मी म्हटलं, सहा आठवडे नुसत्या धडधड कमी करणाऱ्या गोळ्यांवर थांबायचं आहे, आणि तेही थांबतोय ते फक्त दारासाठी. तो म्हणाला, "मला ते दार-बिर समजत नाही. तू वाचणार ना?" मी म्हटलं, वाचणार. तेव्हा तो पहिल्यांदा रडला. रेल्वेतला माणूस, गाडी वेळेवर नसली तरी रडत नाही कधी.

५ जानेवारी, रविवार

घरी आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अँटिबायोटिकचा कोर्स झालाय, एक दिवस पाजायचं तर पाज, मग थांब.

दुपारी ऊन अंगणात आलं होतं. यशूला मांडीवर घेतलं. आठवडाभर पेल्यातून पिऊन ती विसरली असेल असं वाटत होतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, रुसल्यासारखं, आणि मग अशी तुटून पडली की दुखलं. पान्हा आला. तो आत फुटतो तेव्हा झिणझिण्या येतात, ते मी कधी नीट ध्यान देऊन बघितलंच नव्हतं. आज बघितलं. माझ्या रक्तातून या क्षणी आयोडीन ओढलं जातंय, माझा गळा आणि माझी छाती एकाच थेंबासाठी भांडतायत, आणि छाती जिंकतेय. मी बसल्या जागी थक्क झाले. मी काहीच करत नव्हते. सगळं होत होतं.

आई दारात बसून होत्या. आत गेल्या नाहीत. कोणी भेटायला आलं तर त्यांना बाहेरूनच परत पाठवत होत्या. "सूनबाई कामात आहे," म्हणत होत्या.

मग यशू झोपली. आईंनी तिला माझ्या मांडीवरून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन महिन्यांपासून चमच्याची सवय लावून राहिली मी तिले. तुझा जीव उतरताना दिसत होता मले. वाटलं, हिले कधी ना कधी दवाखान्यात जा लागलं तर लेकरू उपाशी नको रायला." 

मी काय काय समजत होते. वर लिहिलेलं खोडणार नाही. असू दे.

७ जानेवारी, मंगळवार

छाती दगड झालीय. फडकं घट्ट बांधलंय. यशूच्या रडण्याचा आवाज आला की भिजतं.

तशातच मॅडमचा फोन. रेवाचं दूध स्वच्छ झालं. पडद्यावर फक्त पोटॅशियम. आज वासराला सोडणार, यायचं असेल तर ये, आता काच नको. जगदीशनं नेलं.

वासरू तीन महिन्यांचं गोऱ्हा झालंय, शिंगांच्या जागी गाठी. दीड महिना दुसऱ्या गाईच्या दुधावर वाढलेलं. दावं सोडलं तर ते आधी शालिग्रामकडेच गेलं. रेवानं हंबरून हाक मारली, फार खोलवरून, तो आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. ते थबकलं. मग धावत जाऊन कासेला अशी ढुशी मारली की ती बिचारी पुढे सरकली. शेपटी वर, तोंडाला फेस.

मला वाटलं होतं मला हेवा वाटेल. थोडा वाटलाही. पण जास्त वाटलं ते हे, की तिच्यातून ते सगळं जाऊन पुन्हा ती नुसती गाय झाली. सात आठवड्यांत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझी कॅप्सूल.

कॅप्सूलनंतर तीन आठवडे यशूपासून लांब राहायचं, म्हणून चार दिवसांपासून मॅडमकडे राहायची तयारी. त्यांच्या घरी लहान मूल नाही, त्या साठीच्या जवळ आहेत, आपणहून म्हणाल्या, "माझ्याकडे ये. वेगळं ताट, वेगळी न्हाणी. मला सवय आहे, गाई सांभाळल्यात." सकाळी यशूला छातीशी धरलं. आईंनी घड्याळ बघितलं नाही, मीही नाही.

दवाखान्यात एका जाड शिशाच्या भांड्यातून कॅप्सूल बाहेर आली. एवढीशी, पांढरी-पिवळी. नर्सनं पाण्याचा ग्लास दिला. गूळ नव्हता. गिळली. कसलीच चव नाही.

बाहेर पायऱ्यांवर उभी राहिले आणि मनातल्या मनात वाट मोजू लागले. आत्ता पोटात. आत्ता रक्तात. आत्ता हृदयातून एक फेरी. आता ते कासेच्या दाराशी आलं असेल, आणि दार बंद आहे. मग गळ्याकडे वळलं असेल. मी गळ्याला हात लावला. आत काहीच जाणवत नव्हतं. बाहेर ऑटोवाले भांडत होते, कोणीतरी पेरू विकत होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी विचारलं, "बघायचंय?" मी म्हटलं हो.

सुट्टीनंतर, सगळे गेल्यावर, मोजणीच्या खोलीत गेलो. दार उघडताच यंत्र गोंधळलं. पडद्यावर नुसता कल्लोळ. मॅडम म्हणाल्या, मागे सर. सरले. आणखी सर. व्हरांड्यात गेले, मग व्हरांड्याच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. तेव्हा कुठे पडदा शांत झाला आणि मॅडमनी आतून हाक मारली, "आली रेघ!" त्यांनी मोबाइलवर चित्र दाखवलं, लांबून हात पुढे करून. तीच जागा, तोच आकार, रेवाच्या दुधात पाहिलेला. पण हा डोंगर माझ्या गळ्यातून निघाला होता, भिंतींतून, हवेतून, एवढ्या लांबवर पोचला होता. मी बोलत नव्हते, हलत नव्हते, तरी माझ्यातून काहीतरी सारखं बाहेर पडत होतं.

शालिग्राम भैया झाडाखाली उभे होते. "मैडम, आपके लिए भी ड्रम मंगवाऊं क्या?"

"मंगवा लो भैया," मी म्हटलं, आणि आम्ही तिघेही, एकमेकांपासून दूरदूर उभे राहून, पोट धरून हसलो.

१ मार्च, शनिवार

व्हिडिओ कॉलवर यशूनं मोबाइल चाटला. आईंनी मागून सांगितलं, "दोन दात वर आले." मी बघितले. रात्र झाली की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

१६ मार्च, रविवार

डॉक्टरांनी कालच सांगितलं, आता लेकराजवळ झोपायला हरकत नाही. नाडी खाली आलीय. हात सरळ. पेन रेघेवर थांबतं.

जगदीशनं गेटातच यशूला माझ्याकडे दिलं. ती कडक झाली. ओळख लपवून ठेवल्यासारखं माझ्याकडे बघत राहिली, मग मान फिरवून आईंकडे हात पसरले. मी तिला सोडलं. असं होणार हे मला माहीत होतंच.

दुपारी ती झोपेतून उठली आणि कशानं तरी घाबरून रडली. आई न्हाणीत होत्या. मी उचललं. ती रडत होती, आणि रडता रडता तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं, वास घेतला, एकदम थांबली. मग पुन्हा रडली, पण आता वेगळं, मला चिकटून.

आणि माझं ब्लाउज ओलं झालं.

आधी कळलंच नाही. दोन महिने झाले दूध तोडून. फडकं बांधलं, गोळ्या झाल्या, डॉक्टरांनी तपासून सांगितलं दार बंद. तिचा आवाज कानात गेला आणि कुठून तरी, ज्या जागी काहीच उरलं नव्हतं, तिथून दोन थेंब आले. मी घाबरले. तिचं तोंड घाईनं दुसऱ्या खांद्यावर वळवलं, पदर घट्ट दाबून धरला. त्या थेंबांत काय असेल ते मला ठाऊक आहे, किती असेल तेही जवळजवळ सांगता येईल. ते तिच्यासाठी नाहीत. पण भीती लगेच सरली आणि मी तशीच उभी राहिले, नवल करत. कोणाच्या हुकमानं आले हे?

आई केस पुसत बाहेर आल्या. डाग पाहिला. यशूला माझ्या कडेवरून घेतलं नाही. जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"मले तुझा सासरा गेला तेव्हा असं झालं होतं," म्हणाल्या. "जगदीश पाच वर्षांचा होता. रडत घरात आला, अन् मले पान्हा फुटला. कोणाले सांगितलं नाही आजवर. वाटायचं मीच पागल आहो."

"नाही आई," मी म्हटलं. "पागल नाही."

"मग काय आहे ते?"

मला सांगता आलं असतं. मेंदू, आवाज, रक्तातलं ते रसायन, त्याचं नाव. यशू दोघींच्या मध्ये मुठी चोखत होती. आईंनी माझा पदर सरळ केला आणि म्हणाल्या, "ये, साडी बदल. मी आहो इथे."

मी यशूला घेऊनच आत गेले.